नोकरी सोडू नका, पहाटेचा तास मागून घ्या

पत्र थोडक्यात असं: लिहिणारीचं वय ३४. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नऊ वर्षं नोकरी, हातात पगार ३३,००० रुपये. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पंप जळतात तेव्हा तीस हजारांपर्यंत सुटतात, पावसाळ्यात पंधराही मुश्किलीने. मुलगा सहा वर्षांचा, सासूबाई घरात. घराचा हप्ता १३,८०० रुपये, हप्त्यासह महिन्याचा खर्च ४४,००० च्या आसपास, शिल्लक २,४०,०००. पाउलो कोएलो यांची ‘द अल्केमिस्ट’ ही खजिन्याच्या शोधात निघालेल्या मेंढपाळ पोराची कादंबरी त्यांनी पाच वेळा वाचली आहे आणि गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या कादंबरीची ११२ फुलस्केप पानं लिहिली आहेत. माण तालुक्यातली मुक्ता घर सोडून नर्मदा परिक्रमेला निघते, वाटेत तिला स्वतःचा शोध लागतो आणि शेवटी ठेवा सापडतो तो तिच्याच घरामागच्या आडात, अशी गोष्ट. आठ महिने लेखन अडलं आहे, नोकरीमुळे अडलं असं त्यांना वाटतं. गुढीपाडव्याला राजीनामा द्यायचा विचार आहे. एका प्रकाशकाने ९५,००० रुपयांत ३०० प्रती काढून देतो असं लेखी कळवलंय. नवरा म्हणतो, “तुझं तू ठरव.” त्या विचारतात, “मला ‘द अल्केमिस्ट’मधल्या त्या काचसामानाच्या दुकानदारासारखं मरेपर्यंत मक्केची नुसती स्वप्नं बघायची नाहीत. पण राजीनाम्याची भीती वाटते. म्हणजे माझं स्वप्नच कच्चं आहे का?” सोबत पहिली दहा पानं, सहावं प्रकरण आणि प्रकाशकाचं पत्रक जोडलं होतं.

प्रिय मैत्रिणी,

स्वप्न कच्चं असतं तर बँकेचं मार्चअखेर, मुलाचा अभ्यास आणि घर सांभाळून तीन वर्षांत ११२ पानं झाली नसती. तुम्हाला वाटते ती भीती हप्त्याची आहे. हप्ता खरा आहे, म्हणून भीतीही खरी आहे. तिचा तुमच्या स्वप्नाच्या कस लागण्याशी काही संबंध नाही.

ज्या कादंबरीने तुम्हाला धीर दिला, तिचंच ते दुकानाचं प्रकरण पुन्हा एकदा काढा. तुम्ही दुकानदाराकडे बघत बसलात आणि त्याच दुकानात काम करणारा पोरगा नजरेतून निसटला. हा पोरगा, सांतियागो, मेंढ्या विकून मोरोक्कोतल्या टँजिअरला उतरतो आणि पहिल्याच दिवशी त्याचे सगळे पैसे चोरीला जातात. मग तो काय करतो? काचेची भांडी पुसायला लागतो. जवळजवळ वर्षभर त्या चढावरच्या दुकानात राबतो. रस्त्यावर मांडणी करायची कल्पना त्याची, काचेच्या पेल्यांतून चहा विकायची कल्पनाही त्याचीच. तिथे तो अरबी शिकतो आणि मेंढ्यांचा दुप्पट कळप घेता येईल एवढे पैसे गाठीला बांधतो. वाळवंटात तो उतरतो ते यानंतर. स्वप्नामागे धावणाऱ्यांची पोथी म्हणून जे पुस्तक हातोहात फिरतं, त्यात नायकाची वर्षभराची नोकरी आहे, आणि ती नोकरी नसती तर पुढचा प्रवास झालाच नसता.

लेखकाचंही तसंच. कोएलो १९४७ चे. ब्राझीलमध्ये गायक राऊल सेशास यांच्यासाठी त्यांनी गाणी लिहिली, रेकॉर्ड कंपन्यांत नोकऱ्या केल्या. १९८६ मध्ये स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राची पदयात्रा केली, १९८७ मध्ये तिच्यावर पुस्तक आलं आणि १९८८ मध्ये ही कादंबरी. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, आधीच्या कमाईवर उभे असलेले गृहस्थ होते. पहिल्या प्रकाशकाने ९०० प्रती छापल्या आणि पुन्हा छापायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या प्रकाशकाकडे ते चाललं. त्या मधल्या दिवसांत त्यांच्या घराचा हप्ता त्या ९०० प्रतींवर अवलंबून असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आपल्याकडे तर यादीच काढता येईल. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत नोकरीला होते. विश्वास पाटील सरकारी अधिकारी होते. मराठीत कादंबरीवर घर चालत नाही, आणि हे लाजेचं काहीच नाही. हिशेब बघा. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. पाचशेची आवृत्ती पूर्ण संपली तर १५,००० रुपये. तुमचा अर्धा पगारही नाही, आणि आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं लागणं नेहमीचं आहे.

त्या पुस्तकातलं एक वाक्य तुम्ही पत्रात तीनदा वापरलंय. मनापासून इच्छा केली की सगळं विश्व मदतीला येतं, या अर्थाचं. त्याने बळ येतं हे मान्य. पण ते उलटं फिरवून बघा. मिळालं नाही, म्हणजे इच्छाच मनापासून नव्हती. “माझं स्वप्न कच्चं आहे का” हा तुमचा प्रश्न नेमका तिथून आलाय. तुमची मुक्ता माणची आहे. तिच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात आभाळाकडे बघत पाऊस मनापासून मागितला नसेल का? तरी पडला नाही. ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी झाल्या, पोरांनी सुकडी खाल्ली. तुमच्या पहिल्या दहा पानांत आजोबांचं एकच वाक्य आहे, “मिलोची भाकरी गिळायची, चावायची नाही.” त्या दहा पानांतलं सगळ्यांत जिवंत वाक्य ते आहे. विश्व मदतीला न आलेली माणसंही उभी राहिली, हे मुक्ताच्या रक्तात आहे. तुमची कादंबरी तिथे आहे.

आणखी एक गोष्ट हळूच विचारते. त्या कथेत निघणारा मुलगा आहे. त्याची प्रेयसी फातिमा वाळवंटातल्या ओअ‍ॅसिसवर वाट बघत थांबते. तुम्ही पाच वेळा वाचलंत आणि दरवेळी सांतियागोच्या जागी स्वतःला ठेवलंत, ते छानच केलंत. पण त्याच्यामागे कुणाचा डबा करायचा राहत नव्हता. वडिलांनी सोन्याची तीन नाणी हातावर ठेवली आणि आशीर्वाद देऊन सोडलं. तुमच्या स्वप्नाची किंमत त्याच्या मापाने मोजली तर तुम्ही कायम उण्याच ठराल.

आता राजीनाम्याचा हिशेब, कारण नवरा “तुझं तू ठरव” म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा हेच आकडे फिरत असतात आणि बोलायचं धाडस होत नसतं. त्याचं वर्षाचं सरासरी उत्पन्न महिना २२,००० धरू. खर्च ४४,०००. तूट महिन्याला २२,०००. शिल्लक दोन लाख चाळीस म्हणजे जेमतेम अकरा महिने. प्रकाशकाला ९५,००० दिले तर उरतात १,४५,०००, साडेसहा महिने. पाडव्याला राजीनामा दिलात तर त्यातले शेवटचे चार महिने पावसाळ्याचे, दुकान थंड. तेव्हा तूट २९,००० वर जाते. गणपतीपर्यंतच खडखडाट. यात कुणाचं आजारपण धरलेलं नाही. ज्या घरात तेलाचा डबा आणताना विचार करावा लागतो, तिथे बसून मुक्ताला शांतपणे घाटावर बसवता येईल?

आणि रिकामे झालेले आठ तास तुम्हाला मिळतील, हेही गृहीत धरू नका. नोकरी सोडलेल्या बाईचा दिवस घर बघता बघता गिळतं. “आता तू घरीच असतेस ना” या एका वाक्यात सासूबाईंचा दवाखाना, शाळेची मीटिंग, गॅसवाला, भिशी, पाहुणे सगळं बसतं. बँकेच्या खुर्चीत तुमच्या वेळेला निदान कुलूप तरी आहे.

मला एक दिसतं, आणि चुकत असेन तर सोडून द्या. नोकरी सोडणं तुम्हाला तुलनेने सोपं वाटतंय, कारण त्यात फक्त तुमचं जातं. घराकडून एक तास मागणं त्याहून अवघड आहे, कारण त्यात दुसऱ्यांना हलावं लागतं. पण तुमच्या कादंबरीला लागतो तो हाच तास.

किती लागतो ते मोजू. तुमच्या अक्षरात फुलस्केपच्या एका बाजूला साधारण २१० शब्द बसतात. ११२ पानं म्हणजे साडेतेवीस हजार. अशा कादंबरीला ६०,००० शब्द पुरेत. डेमी आकारात पानाला २९० च्या आसपास शब्द धरले तर २०८ पानं होतात, सोळा पानांचे बरोबर तेरा फॉर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं म्हणजे फॉर्मा). प्रकाशकही असाच हिशेब करतो, फॉर्म्याच्या पटीत पानं बसली की कोरी पानं वाया जात नाहीत. म्हणजे साडेछत्तीस हजार शब्द राहिले. रोज ३००, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला दीड हजार. चोवीस-पंचवीस आठवडे. पाडव्याला बसलात तर दसऱ्याच्या आगेमागे पहिला खर्डा पुरा होतो. ३०० शब्द म्हणजे तुमचं दीड पान. मन लागलं तर पाऊण तासात होतं, नाही लागलं तर दीड तासातही होत नाही, म्हणून तास सव्वाचा धरा.

सव्वापाच ते साडेसहा. ही वेळ मागताना “मला लिहायला वेळ हवाय” असं म्हणू नका, असल्या मोघम बोलण्याला घर मोघमच हो म्हणतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलाचा डबा नवरा करेल. मंगळवार, गुरुवार डब्याची तयारी आदल्या रात्री होईल, कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून. सासूबाईंचा चहा त्या स्वतः करतील किंवा पावणेसातला मिळेल. साडेसहापर्यंत त्या खोलीचं दार कुणी वाजवायचं नाही, मुलाला ताप नसेल तर. शनिवार-रविवार काही मागू नका, ते घराचे. हे कागदावर लिहून शेजारी वरचे आकडे मांडा आणि नवऱ्याला दुकान बंद झाल्यावर शांतपणे दाखवा. राजीनाम्याऐवजी सव्वा तास मागताय हे ऐकून तो डबा करायला तयार होईल, असा माझा अंदाज आहे. पहिले पंधरा दिवस भाजी करपेल. करपू द्या. तुम्ही उठून गेलात की तो तास परत मिळत नाही.

त्या तासात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आदल्या दिवशीचं लिखाण सुधारत बसू नका, नुसतं शेवटचं अर्ध पान वाचा आणि पुढे चला. थांबताना एखादा प्रसंग अर्धा सोडा. प्रसंग पुरा करून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर वीस मिनिटं जातात. रविवारी सवड मिळेल तेव्हा आठवड्याची सात-आठ पानं मोबाइलवर बोलून टंकलेखित करून घ्या. मराठी व्हॉइस टायपिंग आता बरं चालतं, विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्र हाताने नीट करावं लागतं. टायपिंग युनिकोडमध्येच ठेवा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधून केलं तर पुढे रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात आणि एक मुद्रितशोधन वाढतं.

हे झालं वेळेचं. पण खरं सांगायचं तर आठ महिने लेखन अडलं त्याला बँक कारण नाही. सहाव्या प्रकरणात मुक्ताच अडली आहे.

ते प्रकरण समोर घ्या. मुक्ता ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाली, अंकलेश्वरला पोचली आणि पुलावरून चालत भरूचला गेली. तिथे तिची परिक्रमा मोडली! परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही, हा पहिला नियम. ओंकारेश्वरहून पश्चिमेला जाणारा परिक्रमावासी अंकलेश्वरहून पुढे समुद्रापर्यंत जातो, विमलेश्वरला होडीत बसतो आणि खाडीतून मिठी तलाईला उत्तर तटावर उतरतो. मग अमरकंटककडे वाट वळते. होडी भरती-ओहोटी बघून सुटते, तुमच्या सोयीने नाही. शिवाय तुमची मुक्ता ज्येष्ठात निघते आणि श्रावणात चालते आहे. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, बहुतेक लोक त्यानंतर निघतात. रोज २०-२५ किलोमीटर चाललं तर चार-पाच महिने. परिक्रमेची पुस्तकं मराठीत भरपूर आहेत आणि ती वाचणारे लोकही. त्यातला पहिला वाचक अंकलेश्वरच्या पुलावर पुस्तक मिटेल.

मला मात्र ही चूक लाखमोलाची वाटते. का अडलात हे तिच्यातून कळतं. पुलावरून झटक्यात पलीकडे नेलंत म्हणून मुक्ताला थांबावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही, पाण्याची भीती वाटली नाही. काहीच घडलं नाही, म्हणून पुढच्या पानावर तुम्हाला साधू आणावा लागला. ११२ पानांत तोच साधू तीन वेळा येतो आणि तिला काय करायचं ते सांगून जातो, असं तुम्हीच सारांशात लिहिलंय. योगायोगाने पात्र अडचणीत सापडलं तर वाचक मान्य करतो. योगायोगाने सुटलं की त्याचा विश्वास उडतो. साधूला काढा, निदान दोनदा तरी. जे तो सांगतो ते मुक्ताला चुकून, उशिरा, पाय दुखावून कळू द्या.

दुसरं, सुविचार. पहिल्या दहा पानांत माझ्या मोजणीने असली चौदा वाक्यं आहेत. “वाट चालणाऱ्यालाच वाट भेटते”, “हरवल्याशिवाय सापडत नाही” या घाटाची. लाल पेनाने त्यांच्याखाली रेघा ओढा आणि प्रत्येकाला विचारा, ही मुक्ताच्या तोंडची आहे की भिंतीवरच्या कॅलेंडरची? दोन ठेवा. बाकी बारा ठिकाणी त्या क्षणी तिच्या हाताला काय लागत होतं ते लिहा. तुमचंच एक वाक्य घेऊ: “मुक्ताला आतून जाणवलं, की हीच आपली वाट.” त्याऐवजी सदावर्तात मिळालेलं पसाभर पीठ, तीन दगडांची चूल, ओली काटकी, धुराने पाणावलेले डोळे, आणि कुणीतरी पलीकडून “नर्मदे हर” म्हटल्यावर पहिल्यांदाच न लाजता तिच्या तोंडून निघालेलं “नर्मदे हर”. वाचकाला बरोबर कळतं की आता ही परत फिरणार नाही. सांगायला लागत नाही.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी बोलायला हवं. घरामागच्या आडात ठेवा सापडणं हे वाचकाला लगेच ओळखू येईल, कारण सांतियागोलाही खजिना शेवटी निघाला तिथेच सापडतो. त्याची चोरी होते का? कायद्याने नाही. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती मांडलेल्या शब्दांवर असतो. आणि ही कल्पना कोएलो यांच्याही कितीतरी आधीची आहे. बगदादच्या माणसाला स्वप्न पडतं की कैरोत धन आहे, तिथे गेल्यावर कळतं की ते त्याच्याच घरात पुरलंय, ही गोष्ट अरबी सुरस कथांत आहे, फारसी कवी रूमीच्या ‘मसनवी’ या काव्यातही आहे. प्रश्न एवढाच की तुमच्या मुक्ताला ठेवा हवाच कशाला? मराठीत स्वतःला शोधायला निघालेल्या तरुणाची सगळ्यांत गाजलेली कादंबरी, भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मधली ‘कोसला’, रिकाम्या हाताने गावी परतण्याची आहे, आणि साठ वर्षं लोक ती वाचतायत. मुक्ता परत येते, आड तसाच कोरडा आहे, आणि ती खाली उतरून गाळ काढायला लागते. असं काही असू शकेल. किंवा अगदी वेगळं. शेवट ५०,००० व्या शब्दाच्या आसपास तुम्हालाच दिसेल, आत्ता ठरवू नका.

आता ते पत्रक. ९५,००० भागिले ३०० म्हणजे प्रतीला जवळजवळ ३१७ रुपये, आणि पुस्तकाची किंमत त्यांनी लिहिली आहे ३००. प्रत्येक प्रत तुम्ही स्वतः, कुणाला एक रुपया सूट न देता विकली तरी हातात ९०,००० येतील, म्हणजे पाच हजारांचं नुकसान ठरलेलंच. विक्रेत्याला तर चाळीस टक्क्यांपर्यंत सूट द्यावी लागते. त्यात ‘आयएसबीएन शुल्क ४,०००’ आहे. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक केंद्राची राजा राममोहन रॉय एजन्सी विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि स्वतः प्रकाशित करणारा लेखकही तो करू शकतो. ‘कॉपीराइट नोंदणी ६,०००’ असंही आहे. लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. जो माणूस या दोन ओळींत दहा हजार लावतो, त्याच्या बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायला मला जड जाईल. संपादनाचा उल्लेखच नाही, हे त्याहून वाईट. अंकलेश्वरचा पूल तसाच छापून आला असता.

पैसे देऊन पुस्तक काढणं वाईट असं मी म्हणत नाही. संपूर्ण, संपादित झालेलं पुस्तक, शंभर प्रती, ओळखीच्या वाचकांसाठी, असं ठरवून केलं तर त्यात कमीपणा नाही. तेव्हा दोन-तीन छापखान्यांकडून सारख्याच मापाचे दर मागवा: २०८ पानं, डेमी, ७० जीएसएमचा कागद, चार रंगी मुखपृष्ठ लॅमिनेशनसह, परफेक्ट बाइंडिंग. माप सारखं नसेल तर दरांची तुलनाच होत नाही. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन यांचे दर वेगळे विचारा. पण अर्ध्या झालेल्या कादंबरीसाठी आगाऊ रक्कम कुणालाच देऊ नका.

नेहमीची वाट अशी असते. खर्डा झाला की महिना-दीड महिना बासनात ठेवा, मग पुनर्लेखनाला चार महिने. बँकेत साठलेली रजा तेव्हा वापरा, सलग बारा-पंधरा दिवस. पहिल्या खर्ड्याला तुटक तास चालतात, पण पुनर्लेखनात सगळी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते, तिथे सलग दिवसांची खरी गरज पडते. मग दोन पानांचा सारांश शेवटासकट आणि पहिली तीन प्रकरणं प्रकाशकाला पाठवा. पाठवण्याआधी त्यांनी गेल्या दोन वर्षांत नव्या लेखकांच्या कादंबऱ्या काढल्यात का, ते ग्रंथालयात जाऊन बघा. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात, कधी उत्तरच येत नाही. तीन महिन्यांनी एक साधा स्मरणमेल करा. दरम्यान विमलेश्वरचा प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकांना द्या, पण तो जून-जुलैपर्यंत संपादकाकडे पोचायला हवा, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या निवेदनात नीट वाचा.

करार हातात आला की आनंदाच्या भरात सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून काही लोक ‘कायमचे, सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क’ असं लिहून घेतात. तुम्ही मराठी छापील आवृत्तीचे हक्क द्या, ठरावीक मुदतीसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट वेगळे ठेवा. आवृत्तीत किती प्रती छापल्या तो आकडा, मानधनाचा टक्का आणि हिशेब वर्षातून कधी मिळणार, हे तिन्ही कागदावर हवं.

नोकरी कधी सोडता येईल? कधीच नाही असं नाही. पहिला खर्डा पुरा झालेला, घरखर्चाचे बारा महिने हप्त्यासह बाजूला (तुमच्या बाबतीत पाच लाख अठ्ठावीस हजार), घरच्यांचा आरोग्य विमा नोकरीवर अवलंबून नसलेला, आणि नवऱ्याचं “तुझं तू ठरव” ऐवजी “हो” आलेलं. हे चारही जमलं आणि तरी नोकरी सोडावीशी वाटली, तर तेव्हा पुन्हा लिहा, आपण तोही हिशेब मांडू. ज्या इतर मैत्रिणी नाटक, शिवण, छोटा खाद्य व्यवसाय अशा कशासाठी तरी राजीनाम्याचा कागद पर्समध्ये घेऊन फिरत आहेत, त्यांनी शब्दांच्या जागी आपापलं माप घालून हीच मोजणी करावी. अर्धवट राहिलेलं काम किती, रोज किती होतं, आणि ते खरोखर वेळेमुळे अडलंय की आणखी कशाने.

प्रकाशकाला दोन ओळी पुरेत: “आपल्या पत्राबद्दल आभार. संहिता अजून पूर्ण नाही, त्यामुळे प्रस्ताव स्वीकारता येत नाही.” कारणं देऊ नका, नाहीतर सवलतीचं पत्रक येईल.

आणि सोमवारी पहाटे पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. सहाव्यापासून करा. मुक्ता विमलेश्वरला पोचली आहे. होडी उद्या पहाटेच्या भरतीला सुटणार, जागा मिळेल की नाही ठाऊक नाही. टाच फुटली आहे. कमंडलूतलं पाणी आज पहिल्यांदाच खारट लागलंय आणि शेजारची म्हातारी तिला विचारते आहे, “घरून सांगून आलीस का गं, पोरी?”